मानसशास्त्रातील वर्णभेद आणि ‘सांस्कृतिक क्षमता’ : रॉबर्ट गथ्री यांच्या ग्रंथाच्या निमित्ताने

रॉबर्ट गथ्री (1930–2005) या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाचा ‘ईव्हन द रॅट वॉज व्हाइट’ हा ग्रंथ 1976 साली प्रसिद्ध झाला व 1998 साली त्याची दुसरी आवृत्ती निघाली. ‘उंदीरसुद्धा गोराच होता’ असा या नावाचा अर्थ. प्रयोगशाळेतील पांढऱ्या उंदराच्या निमित्ताने ग्रंथकाराने केलेला हा विनोद आहे. अमेरिकन मानसशास्त्रात प्रयोग करणारा गोरा, ज्याच्यावरून सिद्धान्त बसवायचे तो माणूस गोरा, आणि माणसाच्या जागी उंदीर आणला तर तोही त्याच रंगाचा, असे त्याला म्हणावयाचे आहे. आपल्याकडील पदव्युत्तर विद्यार्थी मानसशास्त्राचा इतिहास वाचतो तो बहुधा बोरिंग यांनी घालून दिलेल्या वाटेने. म्हणजे लाइप्झिगच्या प्रयोगशाळेतून निघून तो अमेरिकेतील विद्यापीठांत येऊन पोहोचतो. त्या वाटेवर जी माणसे भेटत नाहीत त्यांचा हा इतिहास आहे. अलीकडे ‘सांस्कृतिक क्षमता’ हा शब्दप्रयोग आपल्याही अभ्यासक्रमांत येऊ लागला आहे. तो ज्या वादातून जन्मला त्या वादाचे मूळ या ग्रंथात सापडते, म्हणून त्याची चिकित्सा येथे योजिली आहे.

ग्रंथाचे स्थूलमानाने दोन भाग पडतात. मानसशास्त्राने कृष्णवर्णीयांना अभ्यासविषय करून काय केले, हे पहिल्या भागात सांगितले आहे. ज्या कृष्णवर्णीयांनी मानसशास्त्राचा अभ्यास केला ते कोण होते, हे दुसऱ्यात. वाचक बहुधा पहिला भाग संतापाने वाचतात आणि दुसरा चरित्रकोशासारखा चाळून बाजूला ठेवतात. आमच्या मते ग्रंथाचे मर्म या दोन भागांच्या जोडणीत आहे. शास्त्राच्या आत कोण आहे आणि शास्त्र काय म्हणते, हे प्रश्न वेगवेगळे नाहीत, असा गथ्री यांचा दावा आहे. तो कोठवर टिकतो हे पाहावयाचे आहे.

प्रारंभीच्या काळातील वांशिक संशोधनाचा मासला म्हणून एक जुना प्रयोग पाहू. 1895 साली ‘सायकॉलॉजिकल रिव्ह्यू’ या नियतकालिकात मीड बाश यांनी प्रतिक्रियाकाल आणि वंश यांचा संबंध तपासणारा एक निबंध प्रसिद्ध केला. मोजक्या गोऱ्या, कृष्णवर्णीय आणि मूळ अमेरिकन व्यक्तींचे प्रतिक्रियाकाल त्यांनी मोजले. मूळ अमेरिकन सर्वांत चपळ निघाले, त्यांच्या मागोमाग कृष्णवर्णीय, आणि गोरे सर्वांत मंद. यावरून गोऱ्यांच्या श्रेष्ठत्वाला बाध येतो असे कोणास वाटेल. पण बाश यांनी याच्या नेमका उलट अर्थ लावला. उच्च वंशाचा मनुष्य विचारशील असतो, त्यामुळे त्याच्या प्रतिक्षिप्त क्रिया मंदावतात. खालच्या वंशाचा मनुष्य यंत्रवत् असतो, म्हणून तो चपळ, असे ते म्हणतात. याच सुमारास इंग्लंडात गॅल्टन आणि अमेरिकेत कॅटेल हे प्रतिक्रियाकालाची शीघ्रता ही मानसिक सामर्थ्याची खूण असावी अशा कल्पनेने मोजमापे घेत होते. म्हणजे गोऱ्यागोऱ्यांत तुलना करताना जी चपळता बुद्धीची खूण, तीच वर्णावर्णांतील तुलनेत बुद्धीच्या अभावाची खूण ठरते. प्रयोग कोणताही निकाल देवो, अनुमान आधीच ठरलेले होते. विद्यार्थ्यांनी येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. या प्रयोगात घड्याळ खोटे नव्हते आणि नोंदीही बनावट असल्याचे कोणी म्हणत नाही. दोष उपकरणात नव्हता, म्हणून अधिक अचूक उपकरण आणून तो नाहीसा होण्यासारखाही नव्हता.

पुढील पिढीत पद्धत सुधारली, अनुमान बदलले नाही. जॉर्ज ऑस्कर फर्ग्युसन यांनी 1916 साली व्हर्जिनियातील शाळकरी मुलांची केवळ त्वचेचा रंग व चेहरेपट्टी पाहून ‘शुद्ध’, ‘तीन चतुर्थांश’, ‘मिश्र’ अशी प्रतवारी लावली, आणि गोऱ्या रक्ताचा अंश वाढेल तशी बुद्धी वाढते असा निष्कर्ष काढला. रक्ताचा अंश डोळ्यांनी ठरवायचा आणि बुद्धीचा मात्र दशांशचिन्हापर्यंत, ही या शास्त्राची तऱ्हा.

याहून मोठे प्रकरण पहिल्या महायुद्धातील सैनिकांच्या बुद्धिमापनाचे. 1917–18 मध्ये अमेरिकन सैन्यातील सुमारे साडेसतरा लाख लोकांवर अल्फा व बीटा या कसोट्या वापरण्यात आल्या. त्या सामग्रीच्या आधारे कार्ल ब्रिगॅम यांनी 1923 साली ‘ए स्टडी ऑफ अमेरिकन इंटेलिजन्स’ हा ग्रंथ लिहिला, आणि उत्तर युरोपीय गोरा वंश बुद्धीने श्रेष्ठ, दक्षिण व पूर्व युरोपातून आलेले त्याखालचे आणि कृष्णवर्णीय सर्वांत तळाशी, अशी उतरंड मांडली. 1930 साली ब्रिगॅम यांनी स्वतःच ही मांडणी मागे घेतली. वेगवेगळ्या उपकसोट्यांचे गुण एकत्र मिळविणे सयुक्तिक नव्हते, आणि ज्यांच्या घरची भाषा इंग्रजी नाही त्यांना इंग्रजी कसोटीवर इतरांशी तोलता येत नाही, हे त्यांनी मान्य केले. पाठ्यपुस्तके या माघारीचा उल्लेख शास्त्राच्या आत्मशुद्धीचे उदाहरण म्हणून करतात. ब्रिगॅम यांच्या प्रांजळपणाबद्दल शंका घेण्याचे कारण नाही. परंतु हे चित्र अपुरे आहे.

ब्रिगॅम यांच्या ग्रंथानंतर वर्षभरातच, 1924 साली, होरेस मॅन बाँड या विशीच्या आसपासच्या कृष्णवर्णीय तरुणाने त्याच सैनिकी कोष्टकांची फेरमांडणी केली होती. राज्यवार आकडे लावून त्याने दाखविले, की इलिनॉय, न्यूयॉर्क, ओहायो या उत्तरेकडील राज्यांतील कृष्णवर्णीय सैनिकांचे मध्यक मिसिसिपी, आर्कान्सा अशा दक्षिणेकडील राज्यांतील गोऱ्या सैनिकांहून वरचे आहेत. गुण वंशाने ठरत असते तर असे घडण्याचे कारण नव्हते. शाळा आणि राहणीमान यांनी ठरत असतील तर मात्र असेच घडावयास हवे. हा लेख मानसशास्त्राच्या नियतकालिकात आला नाही. कृष्णवर्णीयांच्या नागरी हक्कांसाठी चालविल्या जाणाऱ्या ‘द क्रायसिस’ या मासिकात तो आला, आणि विद्यापीठीय मानसशास्त्रज्ञांपैकी फार थोड्यांनी त्याची दखल घेतली.

बाँडचे हे उदाहरण आम्हांस प्रस्तुत चर्चेचा कणा वाटते. त्याने वापरलेली सामग्री छापील होती व कोणासही उपलब्ध होती. त्याच्या पद्धतीत ‘कृष्णवर्णीय दृष्टी’ असे काही नव्हते. बेरीज, क्रमवारी आणि मध्यक एवढेच होते. शास्त्राचे सत्य शास्त्रज्ञाच्या रंगावर अवलंबून नसते, असा आक्षेप गथ्री यांच्यावर नेहमी घेतला जातो. बाँडचे गणित पाहता तो आक्षेप अक्षरशः खराच आहे: ते गणित गोऱ्याने केले असते तरी तेच उत्तर आले असते. पण ते कोणी केले नाही. ज्यांना त्या उतरंडीत वरची पायरी मिळाली होती त्यांना कोष्टक पुन्हा उघडण्याचे प्रयोजनच नव्हते. राइशेनबाख यांनी 1938 साली शोधाचा संदर्भ आणि समर्थनाचा संदर्भ असा भेद केला. त्या परिभाषेत सांगावयाचे तर समर्थनाच्या क्षेत्रात वर्णाला स्थान नाही हे मान्य करूनही, कोणत्या चुकीचा शोध घ्यावयाचा हे ज्याला ती चूक भोवते त्याच्या उपस्थितीवर बरेच अवलंबून असते. अल्पसंख्य समाजांचा शास्त्रातील समावेश ही न्यायाची मागणी आहेच. परंतु शास्त्राच्या स्वतःच्या दृष्टीनेही तो सप्रमाणतेचा प्रश्न आहे, आणि त्याचे समर्थन या भूमीवर अधिक पक्के उभे राहते.

ग्रंथाच्या दुसऱ्या भागाचा नायक फ्रान्सिस सेसिल समनर आहे. 1895 साली आर्कान्सामध्ये जन्मलेल्या या विद्यार्थ्याचे माध्यमिक शिक्षण शाळेत झालेच नाही; ते वडिलांनी घरी केले. लिंकन विद्यापीठातून पदवी घेऊन तो क्लार्क विद्यापीठात स्टॅन्ली हॉल यांच्याकडे गेला. मध्ये सैन्यभरतीमुळे त्याला फ्रान्समध्ये युद्धावर जावे लागले. परत येऊन फ्रॉइड व अ‍ॅडलर यांच्या मनोविश्लेषणावरील प्रबंधास त्याने 1920 साली डॉक्टरेट मिळविली. अमेरिकेत मानसशास्त्रातील ही पदवी मिळविणारा तो पहिला कृष्णवर्णीय. यातील एक विपर्यास नजरेआड होऊ नये: ज्या हॉल यांनी या विद्यार्थ्याला आश्रय दिला, त्यांनीच 1904 सालच्या ‘अ‍ॅडोलेसन्स’ या आपल्या ग्रंथात काही मानववंशांना ‘किशोरावस्थेतील वंश’ म्हटले होते. व्यक्तीविषयी उदार आणि समूहाविषयी अनुदार, असा हा प्रकार आपल्याकडील गुरुजनांच्या इतिहासातही अपरिचित नाही. समनर पुढे हॉवर्ड विद्यापीठात मानसशास्त्र विभागाचे प्रमुख झाले आणि 1954 मध्ये मृत्यू येईपर्यंत तेथेच राहिले. केनेथ क्लार्क आणि मेमी क्लार्क हे दांपत्य त्याच विभागातून पुढे आले.

या भागात मात्र गथ्री यांची लेखणी चिकित्सकाची न राहता स्तुतिपाठकाची होते, असे आमचे मत आहे. विस्मृतीत गेलेल्यांची नावे गोळा करणाऱ्यास तो मोह आवरणे कठीण असते हे खरे. तरीही समनर यांनी 1920 नंतरच्या दशकात कृष्णवर्णीयांच्या शिक्षणावर जे लेख लिहिले, त्यांतील भूमिका बुकर वॉशिंग्टन यांच्या सावध, विभक्त शिक्षणाला अनुकूल अशा विचाराच्या जवळची होती. शास्त्रात प्रवेश मिळालेला पहिला माणूस बंडखोरच असेल, अशी अपेक्षा ठेवणे गैर आहे. इनेझ प्रॉसर यांचे उदाहरण तर अधिक बोलके आहे. 1933 साली सिनसिनाटी विद्यापीठात त्यांनी जो प्रबंध सादर केला त्यात मिश्र शाळांतील आणि केवळ कृष्णवर्णीयांच्या शाळांतील मुलांची तुलना होती. आणि व्यक्तिमत्त्वाच्या व सामाजिक संबंधांच्या काही बाबतींत विभक्त शाळांतील मुले बरी आढळली. पुढे क्लार्क दांपत्याने बाहुल्यांचे जे सुप्रसिद्ध प्रयोग केले, त्यांचा उपयोग नेमका विरुद्ध बाजूने झाला. 1954 साली ‘ब्राऊन’ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने शाळांतील वर्णविभाजन घटनाबाह्य ठरविताना केनेथ क्लार्क यांच्या लेखनाचा तळटीपेत आधार घेतला. गंमत अशी, की 1947 साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या आकड्यांत गोरी बाहुली निवडण्याचा कल दक्षिणेतील विभक्त शाळांतील मुलांपेक्षा उत्तरेतील मिश्र शाळांतील मुलांमध्ये किंचित अधिकच दिसतो. आकड्यांचा अर्थ त्यामुळे सरळ लागत नाही, आणि न्यायालयीन निकालाची नैतिक बाजू या आकड्यांवाचूनही पुरेशी भक्कम होती.

प्रॉसर आणि क्लार्क या दोघांच्या निष्कर्षांतील हा विरोध गथ्री यांच्या दाव्याला मारक आहे काय? आमच्या मते तो त्याला मर्यादा घालतो आणि त्याच वेळी बळकटीही देतो. कृष्णवर्णीय मानसशास्त्रज्ञ आला म्हणजे ‘कृष्णवर्णीयांचे’ एकमुखी मानसशास्त्र आले, असे होत नाही. पण मुलाच्या मनावर शाळेच्या रचनेचा काय परिणाम होतो, हा प्रश्न दोघांनीही विचारला. फर्ग्युसन यांच्या प्रश्नावलीत त्याला जागाच नव्हती.

1968 साली सॅन फ्रान्सिस्को येथे कृष्णवर्णीय मानसशास्त्रज्ञांची स्वतंत्र संघटना स्थापन झाली. पुढल्याच वर्षी वॉशिंग्टनच्या अधिवेशनात कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांनी अमेरिकन मानसशास्त्र संघटनेचे अध्यक्ष जॉर्ज मिलर यांच्या भाषणाच्या वेळी व्यासपीठाचा ताबा घेऊन आपल्या मागण्या मांडल्या. मानसशास्त्र लोकांच्या हाती द्यावे, असा मिलर यांच्या त्या भाषणाचा आशय होता! केनेथ क्लार्क 1971 साली या संघटनेचे पहिले कृष्णवर्णीय अध्यक्ष झाले. 1973 च्या व्हेल परिषदेने असे प्रतिपादन केले की, भिन्न संस्कृतीतील व्यक्तींवर उपचार करण्याची क्षमता नसताना ते करणे नीतिबाह्य मानावे. येथून ‘सांस्कृतिक क्षमते’ची कल्पना आकार घेऊ लागते. डेराल्ड विंग सू व त्यांच्या सहकाऱ्यांनी 1982 मध्ये तिची त्रिविध मांडणी केली: उपचारकाला स्वतःच्या पूर्वग्रहांची जाणीव हवी, रुग्णाच्या संस्कृतीचे ज्ञान हवे आणि त्यांस अनुरूप कौशल्ये हवीत. 1992 साली हिचा विस्तार झाला, आणि 2002 मध्ये अमेरिकन मानसशास्त्र संघटनेने या विषयावर मार्गदर्शक तत्त्वेच स्वीकारली.

या कल्पनेने उपचारकेंद्रांत जे भले केले ते नाकारण्याचे कारण नाही. परंतु गथ्री यांचा ग्रंथ वाचून तिच्याकडे वळले म्हणजे काहीतरी हातचे निसटले आहे, असे जाणवल्यावाचून राहत नाही. गथ्री विचारतात, मोजणारा कोण? ‘सांस्कृतिक क्षमता’ ही मोजणाऱ्याला त्याच्या जागेवर तसेच ठेवते आणि ज्याला मोजावयाचे त्याच्याविषयी त्याला अधिक माहिती पुरविते. अभ्यासक्रमात रूपांतर होताना तर ही कल्पना आणखी आकसते. पाठ्यपुस्तकात एकेका समाजावर एकेक प्रकरण येते: आफ्रिकी अमेरिकन, आशियाई अमेरिकन, लॅटिन अमेरिकी वंशाचे, मूळ अमेरिकन. प्रत्येकाचे कुटुंब असे, धर्म तसा, भावना व्यक्त करण्याची रीत अमुक. परीक्षार्थी हे पाठ करतो, आणि जुन्या वंशगुणांच्या यादीच्या जागी सभ्य भाषेतील नवी यादी येते. हा धोका त्या चळवळीतील जाणत्यांनीही ओळखला होता. स्टॅन्ली सू आणि नोलन झेन यांनी 1987 सालीच दाखवून दिले, की संस्कृतीविषयीच्या माहितीचा उपचाराच्या फलाशी दूरचा संबंध असतो. रुग्णाला उपचारकाविषयी विश्वास वाटणे आणि प्रारंभीच काही प्रत्यक्ष लाभ पदरात पडणे या गोष्टी अधिक जवळच्या. समूहाविषयीचे ज्ञान समोरच्या व्यक्तीला केव्हा लावावे आणि केव्हा लावू नये, याचे तारतम्य हाच क्षमतेचा गाभा आहे, असे स्टॅन्ली सू यांनी 1998 मध्ये मांडले. त्याच वर्षी वैद्यकशिक्षणात टर्वॅलॉन आणि मरे-गार्सिया यांनी ‘क्षमते’ऐवजी ‘सांस्कृतिक विनय’ असा शब्द सुचविला. शब्द चांगला आहे; पण विनय हाही अखेर बसलेल्याचाच गुण. खोलीत आणखी कोणाला खुर्ची मिळाली काय, हे त्यावरून कळत नाही.

खुर्चीचा हा प्रश्न किती काळ तसाच राहिला याची कल्पना सँड्रा ग्रॅहम यांच्या 1992 सालच्या पाहणीवरून येते. 1970 ते 1989 या वीस वर्षांत अमेरिकन मानसशास्त्र संघटनेच्या सहा नियतकालिकांतील लेखांपैकी आफ्रिकी अमेरिकनांविषयीचे लेख शेकडा चारांहूनही कमी होते, आणि त्यांचे प्रमाण काळाबरोबर वाढण्याऐवजी घटत गेले होते. म्हणजे ज्या दशकांत क्षमतेची परिभाषा घडत होती त्याच दशकांत संशोधनातील उपस्थिती ओसरत होती. 29 ऑक्टोबर 2021 रोजी त्या संघटनेने वर्णभेदाला हातभार लावल्याबद्दल ठरावाने क्षमा मागितली. गथ्री तेव्हा हयात नव्हते.

ग्रंथातील आणखी एका उणिवेचा निर्देश करणे प्राप्त आहे. शास्त्रातील प्रत्येक चुकीमागे हेतू शोधण्याकडे ग्रंथकाराचा कल आहे. बुद्धिमापकांनीच 1924 चा स्थलांतरितांवरील निर्बंधाचा कायदा घडवून आणला, अशा तऱ्हेचे कथन या विषयावरील लेखनात वारंवार आढळते. परंतु त्या कायद्याच्या चर्चेत कसोट्यांचा वाटा किती होता याविषयी इतिहासकारांत मतभेद आहेत, आणि विद्यार्थ्यांनी तो वाटा गृहीत धरून चालू नये. बाश यांचा प्रयोग कटाची कल्पना न करताही पुरेसा भयंकर आहे.

ग्रंथाचा मुख्य भर कृष्णवर्णीयांवर आहे, म्हणून त्याच्या जोडीला जॉर्ज सांचेझ यांचे 1930 नंतरच्या काही वर्षांतील निबंध वाचावेत. न्यू मेक्सिकोतील स्पॅनिशभाषी मुलांचे गुण इंग्रजी शिक्षणाबरोबर चढत जातात, आणि स्टॅनफर्ड–बिने कसोटीतील अनेक शब्द या मुलांच्या कानांवरूनही गेलेले नसतात, हे त्यांनी आकड्यांनिशी मांडले. भाषांतर केलेली कसोटी म्हणजे प्रमाणित कसोटी नव्हे, हा त्यांचा इशारा होता.

हा इशारा आपल्याला परका नाही, कारण तीच कसोटी याच सुमारास आपल्या भाषेत येत होती. धारवाडचे व्ही. व्ही. कामत यांनी बिने कसोटीचे कानडी व मराठी रूप तयार केले व तेथील मुलांवरून मानके बसविली. 1940 साली त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. नुसत्या भाषांतरावर न थांबता स्थानिक मानके बसविण्याचे कष्ट घेणारे कामत हे सांचेझ यांच्या कसोटीला बऱ्याच अंशी उतरतात. पुढे 1969 साली नागपूरहून मॅलिन यांनी वेक्सलर यांच्या मुलांसाठीच्या कसोटीचे भारतीय रूप दिले. या दोन्ही कसोट्या महाराष्ट्रात दीर्घकाळ वापरात आहेत. मात्र घरी मराठी बोलणाऱ्या मुलाची मानके मेळघाटातील कोरकू, गडचिरोलीतील गोंडी किंवा सातपुड्यातील भिली बोलणाऱ्या घरच्या मुलाला लावली जातात, तेव्हा सांचेझ यांचा जुनाच प्रश्न पुन्हा उभा राहतो; आणि त्या मुलाच्या नावापुढे ‘मंद’ असा शेरा पडला तर तो शाळेच्या दाखल्यावर वर्षानुवर्षे राहतो. या घरांतून आलेले किती विद्यार्थी आज आपल्या विभागांत कसोट्या देण्याऐवजी कसोट्या रचावयास शिकत आहेत, हे प्रत्येक विभागाने आपल्या हजेरीपटावरून पाहावे. तोवर बाँडने केले तेवढे काम करता येण्यासारखे आहे. दर वर्षी बुद्धिमापनाच्या प्रात्यक्षिकांत शेकडो मुलांच्या नोंदी जमतात व वर्षअखेरीस वह्यांबरोबर कपाटात जातात. त्या बाहेर काढून मुलाच्या घरच्या भाषेनुसार आणि शाळेनुसार त्यांची फेरमांडणी करणे हा एका लघुप्रबंधाचा विषय आहे. मुलाच्या घरची भाषा अनेकदा नोंदलेलीच नसेल. येत्या वर्षापासून तेवढा एक रकाना मात्र वाढवावा लागेल.